अंगणातली धग
गडचिरोलीतल्या भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्या एकत्र येतात. पौषातल्या निरभ्र रात्री जमीन आपली ऊब आभाळाला देऊन टाकते आणि गार, जड हवा नदीकाठच्या सखलात साचते. थंडी किती वाजते हे नुसत्या पाऱ्यावर ठरत नाही. वारा आणि समोरचा जाळही ते ठरवतात. शेकोटी हवा फारशी तापवत नाही, तिची धग थेट अंगाला भिडते. पाठ मात्र गारच, म्हणून माणसं आलटूनपालटून पाठ शेकतात. १९७३ साली भामरागडजवळच्या हेमलकशात आदिवासींसाठी लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. इथल्या थंडीत उघड्या अंगाने वावरणारे माडिया आदिवासी पाहूनच प्रकल्पाचे डॉ. प्रकाश आमटे यांनी अंगभर कपडे सोडले. म्हणून इथल्या घरकुलांचे आराखडे काढणाऱ्यांनी निदान शेकोटीपुरतं, वारा अडलेलं अंगण तरी राखावं.