दुसरी सुई कशासाठी?

‘डॉक्टर, काल रिपोर्ट नॉर्मल आला ना? मग आज पुन्हा बाळाला सुई कशाला?’ निपाणी असो वा बेळगाव, आजी-आजोबांचा हा प्रश्न मला हमखास ऐकावा लागतो. प्रश्न रास्त आहे, म्हणून आज त्याविषयी.

नवजात बाळाच्या रक्तात जंतू शिरले, कन्नडमध्ये म्हणतात तसा ‘नंजु’ झाला, की खात्रीची तपासणी म्हणजे ब्लड कल्चर. पण त्यात जंतू वाढायला एक-दोन दिवस लागतात. बाळाचे रक्त थोडेच घेता येते, त्यामुळे कधी जंतू सापडतही नाहीत. म्हणून जोडीला सीआरपी पाहतात. जंतूंची चाहूल लागताच यकृत हे प्रथिन तयार करते. पण ते रक्तात वाढलेले दिसायला 6 ते 12 तास जातात. तेव्हा पहिल्या काही तासांतला नॉर्मल रिपोर्ट म्हणजे ‘आजार नाही’ असे नव्हे. साधारण 24 तासांनी दुसरी तपासणी करतात ती यासाठीच. दोन्ही वेळा आकडा 10 च्या खाली, कल्चर निर्दोष आणि बाळ तरतरीत असेल, तर अँटिबायोटिक लवकर थांबवता येते. प्रोकॅल्सिटोनिन सीआरपीच्या आधी वाढते. मात्र जन्मानंतरचे पहिले दोन दिवस ते निरोगी बाळातही वाढलेले असते.

मग रिपोर्टच्या आधी कळायचे कसे? जिथे प्रयोगशाळाच नव्हती, त्या गडचिरोलीच्या खेड्यांत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी याचे उत्तर शोधले. गावातल्याच स्त्रियांना त्यांनी बाळाची लक्षणे ओळखून घरीच उपचार करायला शिकवले. या घरपोच काळजीमुळे 39 गावांतले नवजात मृत्यू तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी घटले. हा अभ्यास 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला.

तेव्हा वाचकहो, बाळंतीण ‘बाळ पीत नाही’ म्हणो की ‘कूसु हालु कुडियवल्दु’, दोन्ही वाक्ये सारखीच गंभीर समजा. बाळ मलूल पडले, अंग गार किंवा गरम लागले, श्वास मिनिटाला 60 च्या वर गेला, छाती आत ओढली जाऊ लागली किंवा झटका आला, तर सकाळची वाट पाहू नका. बाळाला छातीशी उबेत धरा आणि 108 ला फोन करा. दृष्ट काढायचीच असेल तर दवाखान्यातून घरी आल्यावर खुशाल काढा!