आधी घराचा कागद, मग कर्ज, शेवटी रंग

शहरात नोकरीला लागलेला आपला मुलगा पहिल्या दोन-चार वर्षांत एक गोष्ट हमखास करतो. गावातले पत्र्याचे घर पाडून स्लॅबचे घर बांधायला घेतो. यात गैर काही नाही. ज्यांच्या बापजाद्यांना गावाच्या कडेला कुडाच्या घरात राहावे लागले, त्यांनी पक्के घर मागितलेच पाहिजे. प्रश्न एवढाच, की हे घर कोणाच्या पैशाने, किती व्याजाने आणि कोणत्या कागदावर उभे राहते? बाबासाहेबांनी रुपयाच्या प्रश्नावर १९२३ साली ग्रंथ लिहिला. त्यांचे नाव घेणारे आम्ही मात्र कर्जाच्या कागदावर न वाचता सही करतो. हे थांबले पाहिजे.

मुळात आपल्याला स्वस्त कर्ज मिळत का नाही? कारण जागेचा कागद नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. बँक एवढ्यावर सहसा कर्ज देत नाही. मग माणूस सावकाराच्या दारात जातो. महिना शेकडा पाच रुपये हा दर ऐकायला लहान वाटतो, पण वर्षाचा तो ६० टक्के होतो! विनापरवाना सावकारी हा २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याने गुन्हा आहे, हे किती जणांना ठाऊक आहे?

म्हणून पहिले काम कागदाचे. घर गावठाणात असेल तर २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत आपल्या गावाची मोजणी झाली का, सनद व मिळकत पत्रिका तयार झाली का, याची भूमी अभिलेख कार्यालयात चौकशी करा. पत्रिकेवर नाव कोणाचे लागले ते स्वतः वाचा. मयत आजोबांचे नाव असेल तर वारस नोंद करून घ्या. घर वतनाच्या जमिनीवर असेल तर सातबारा काढा. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने गेली, पण परत मिळालेल्या जमिनी बहुधा नवीन शर्तीच्या आहेत. परवानगीशिवाय त्यांचे हस्तांतर होत नाही. ही शर्त माहीत नसताना बांधकामाला हात घालू नये.

दुसरे काम, हक्काचे अनुदान. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई आवास घरकुल योजना आहे. ग्रामीण भागात पंचायत समितीकडे आणि शहरात नगरपालिका किंवा महानगरपालिकेकडे चौकशी करावी. रक्कम शासन निर्णयाप्रमाणे बदलते, म्हणून ताजा निर्णय मागून वाचावा. पैसे बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे हप्त्यांनी मिळतात. अनुदानात बसेल एवढेच घर आधी पुरे करा. चार खोल्यांचा पाया घालून दोन खोल्यांवर पैसा संपतो, पुढचा हप्ता अडतो आणि पावसाळा उघड्यावर काढावा लागतो. हप्ता सोडवण्यासाठी कोणी टक्केवारी मागितली तर देऊ नका. लेखी तक्रार करा आणि पोच घ्या.

तिसरे काम कर्जाचे. तेही लागेल तेवढेच. व्याज एकरकमी मुद्दलावर की घटत्या शिल्लकीवर, हे आधी विचारा. एक लाख रुपये पाच वर्षांसाठी १२ टक्क्यांनी घेतले तर पहिल्या पद्धतीत व्याज ६० हजार आणि दुसऱ्या पद्धतीत सुमारे साडेतेहतीस हजार! दर तोच, फसवणूक शब्दात आहे. मुदतीचेही तसेच. पाच लाखांवर ९ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता सुमारे ४,५०० रुपये, तर १५ वर्षांचा सुमारे ५,०७० रुपये येतो. महिन्याला पावणेसहाशे रुपये जादा भरले तर एकूण व्याजात १ लाख ६६ हजारांच्या आसपास बचत होते.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जासोबत सर्व खर्च धरून वार्षिक दर दाखवणारे मुख्य तथ्य विवरण देणे बंधनकारक आहे. ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावे लागते. ते मागा. बदलत्या व्याजदराचे गृहकर्ज मुदतीपूर्वी फेडल्यास दंड लागत नाही. कर्ज फिटल्यावर मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत मिळाली पाहिजेत. दुसरी बाजूही ध्यानात ठेवा. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खाते बुडीत धरले जाते. त्यानंतर ६० दिवसांची नोटीस देऊन सरफेसी कायद्याखाली बँक घराचा ताबा घेण्याची कारवाई सुरू करू शकते. म्हणून लग्नाच्या खर्चासाठी घर तारण ठेवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता दुरुस्ती. आधी छताची गळती, मग शौचालय व सांडपाणी, मग विजेचे अर्थिंग, आणि सर्वांत शेवटी फरशी व रंग. ओल तशीच ठेवून दिलेला रंग पहिल्या पावसात पोपडे धरतो. नव्या स्लॅबला किमान सात दिवस, कडक उन्हात दहा दिवस पाणी मारा. ठेकेदाराशी दर, माल आणि मुदत लिहून घ्या. पैसे काम होईल तसे द्या.

आणखी दोन गोष्टी. घर पत्नीच्या नावावर किंवा निदान दोघांच्या नावावर करा. हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले, ते स्त्रीला मालमत्तेत वाटा मिळावा म्हणूनच. निव्वळ महिलेच्या नावे घर विकत घेतल्यास महाराष्ट्रात एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलतही आहे. आणि घर कितीही लहान असो, मुलांच्या अभ्यासासाठी एक कोपरा, एक दिवा आणि पुस्तकांची एक फळी ठेवा. दादरच्या राजगृहाची रचना बाबासाहेबांनी ग्रंथ डोळ्यांसमोर ठेवून केली होती. आपल्या घरात टीव्हीला भिंत मिळते, मग पुस्तकांना का मिळू नये?

समाजबांधवांनो, शेजाऱ्याच्या मजल्याकडे पाहून मजला चढवू नका. ज्या घराचा कागद आपला आहे आणि ज्याचा हप्ता पगारात बसतो, तेच घर पुढच्या पिढीला मिळते.