नांदूर मध्यमेश्वरला मोजणीदार हवेत

जानेवारीतली पाणपक्षी गणना तोंडावर आली आहे आणि नांदूर मध्यमेश्वरचा प्रत्येक किनारा मोजायला माणसं कमी पडत आहेत. फोटो काढायला येणाऱ्यांची वाण नाही. वही घेऊन एका जागी दोन-तीन तास बसणारे हवेत. नाशिक, निफाड, सिन्नर, येवला, कोपरगावच्या सर्वांना कळकळीची विनंती आहे: या वेळी मोजायला या.

गोदावरी आणि कादवेच्या संगमावर शंभरहून अधिक वर्षांपूर्वी बंधारा झाला. नद्यांचा गाळ त्यामागे साठत गेला आणि उथळ पाणी, बेटं, पाणवनस्पती असं हे पाणथळ तयार झालं. १९८६ मध्ये ते अभयारण्य झालं आणि जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. अशा दर्जामागे आकडे असतात. वीस हजार पाणपक्षी, किंवा एखाद्या जातीच्या एकूण संख्येतला एक टक्का तरी, जिथे वर्षानुवर्षं येत राहतात ती जागा जगाच्या दृष्टीने महत्त्वाची, असे रामसर करारातले निकष आहेत. मधल्या एखाद्या वर्षाची मोजणी राहिली, तर घट कधी सुरू झाली हे पुढे कुणालाच सांगता येणार नाही. जलपर्णी, गाळ, नायलॉनची जाळी, शेतांतून उतरणारी औषधं यांविषयी दाद मागायची तर हातात कागद लागतो. ‘पूर्वी खूप पक्षी यायचे’ एवढ्यावर कुठलीच फाइल हलत नाही.

मोजणी अवघड नाही, चिकाटीची आहे. उजाडता उजाडता किनारा गाठायचा. समोर वारकऱ्यांचा थवा पसरलेला असतो, काळं अंग आणि कपाळावर पांढरा टिळा. आधी दहा पक्षी नीट मोजायचे, त्यांनी व्यापलेली जागा नजरेत धरायची आणि दुर्बीण डावीकडून उजवीकडे सरकवत तशा किती जागा भरतात ते पाहायचं. एकाने आकडा सांगायचा, दुसऱ्याने लिहायचा. मध्येच एखादा भोवत्या डोक्यावरून गेला की सगळे वारकरी पाण्यावर पाय आपटत पळत सुटतात. अशा वेळी थांबा. थवा किती वाजता उडाला, कुठल्या दिशेला गेला ते लिहा, म्हणजे पलीकडचा गट तोच थवा पुन्हा धरणार नाही. थापट्या, तलवार बदक, तरंग यांच्यातला फरक कळत नसेल तर लेखनिक व्हा, जाणकार सोबत असेल. ओळख पटली नाही तर ‘अनोळखी बदक’ लिहा, अंदाजाने नाव टाकू नका. काहीच दिसलं नाही तर शून्य लिहा. ती नोंदही तितकीच मोलाची आहे.

पाण्याची पातळी मात्र न चुकता टिपा. कालव्यांना आवर्तन सुटलं की पाणी उतरतं, चिखल उघडा पडतो, शेकाटे आणि तुतारी तिथे जमतात, बुडी मारणारी बदकं खोल पाण्याकडे सरकतात. हे लिहिलेलं नसेल तर दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवून भलताच निष्कर्ष निघतो.

मांजरगाव, खानगाव थडी, कोठुरे, करंजगावच्या शेतकरी आणि मासेमार बंधू-भगिनींनो, तुमच्याशिवाय हे काम होणार नाही. क्रौंच कुणाच्या हरभऱ्यात उतरतात, कोणती बदकं यंदा उशिरा आली, हे तुम्हाला शहरातल्या आम्हा लोकांच्या कितीतरी आधी कळतं. ते सांगत राहा. मेलेला किंवा आजारी पक्षी दिसला तर हात न लावता ताबडतोब वनरक्षकाला कळवा. पायात कडं किंवा रंगीत पट्टी दिसली तर रंग आणि त्यावरची अक्षरं टिपून ठेवा.

येताना मातकट रंगाचे कपडे घाला. वही, पेन्सिल आणि असली तर दुर्बीण आणा. ड्रोन अजिबात नको. चापडगावच्या प्रवेशद्वारावर वन्यजीव विभागाच्या कर्मचाऱ्यांकडे आजच नाव द्या आणि पुढची काही वर्षंही येऊ शकाल का तेही सांगा. येणार असाल तर एकच किनारा कायम तुमच्याकडे ठेवावा, असा आमचा आग्रह राहील.