खेळाडूंच्या जागांची चावी कोणाकडे?

मैदान गाजविणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठांनी काही जागा राखून ठेवाव्यात, या तत्त्वाला आज फारसा विरोध उरलेला नाही. सराव आणि स्पर्धांच्या प्रवासात वर्षे घालविणाऱ्या मुलांना केवळ गुणांच्या शर्यतीत उतरविणे अन्यायाचे ठरेल, हे बहुतेकांना पटते. वाद आहे तो या जागांची चावी कोणाच्या हाती असावी, याबद्दल.

अमेरिकेतील अनेक नामवंत विद्यापीठांत ती मोठ्या प्रमाणात प्रशिक्षकांच्या हाती आहे. प्रशिक्षकाने शिफारस केली की प्रवेशाची वाट बरीच सोपी होते. मार्च २०१९ मध्ये उघडकीस आलेल्या ‘व्हर्सिटी ब्लूज’ प्रकरणाने या पद्धतीतील धोका जगासमोर आणला. रिक सिंगर या प्रवेश सल्लागाराने श्रीमंत पालकांकडून पैसे घेऊन त्यांच्या मुलांना बनावट खेळाडू म्हणून पुढे केले. येल विद्यापीठाच्या महिला फुटबॉल संघाच्या प्रशिक्षकाने लाच घेतल्याची कबुली दिली. सिंगरला जानेवारी २०२३ मध्ये साडेतीन वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावण्यात आली.

भारतात मद्रास आयआयटीने नेमका उलटा मार्ग निवडला. २०२४-२५ पासून तेथे प्रत्येक पदवी अभ्यासक्रमात खेळाडूंसाठी दोन अतिरिक्त जागा निर्माण करण्यात आल्या. त्यांपैकी एक मुलींसाठी आहे. गेल्या चार वर्षांत राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत किमान एक पदक मिळविलेले असावे, ही अट आहे. निवड क्रीडा कामगिरीच्या गुणवत्ता यादीनुसार होते. त्यामुळे कोणा एकाच्या मर्जीला वाव कमी राहतो. मात्र, जेईई ॲडव्हान्स्डच्या गुणवत्ता यादीत स्थान मिळविण्याची अट कायम आहे. पहिल्या वर्षी या मार्गाने अवघ्या पाच विद्यार्थ्यांना प्रवेश मिळाला. प्रामाणिकपणा जपला गेला, पण दरवाजा जेमतेम किलकिला झाला. वर्षभर शिबिरांत आणि स्पर्धांत असणारा खेळाडू ही परीक्षा कशी पार करणार, हा प्रश्न अनुत्तरितच आहे.

दिल्ली विद्यापीठाची पद्धत या दोहोंच्या मधली आहे. २०२२ मध्ये सामाईक प्रवेश परीक्षा आल्यानंतर तेथे खेळाडूंसाठी परीक्षेतील गुणांना २५ टक्के, तर चाचणी आणि प्रमाणपत्रांना मिळून ७५ टक्के भार देण्यात आला. खेळाला प्राधान्य मिळाले आणि परीक्षाही सुटली नाही. परंतु अशा पद्धतीत सारा भरवसा चाचणीच्या निष्पक्षतेवर आणि प्रमाणपत्राच्या खरेपणावर असतो.

हा भरवसा किती नाजूक असतो, याचा अनुभव महाराष्ट्राने घेतला आहे. शासकीय नोकऱ्यांतील खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणात बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणे उघडकीस आली. नोकरीत जे घडले ते प्रवेशात घडणार नाही, असे मानण्याचे कारण नाही.

त्यामुळे केवळ जागांची टक्केवारी वाढविण्याच्या मागणीला अर्थ नाही. प्रवेशापूर्वी प्रमाणपत्रांची पडताळणी, चाचणीतील गुणांची जाहीर यादी आणि प्रवेशानंतर विद्यार्थी खरोखरच खेळतो आहे की नाही याची नोंद, या तीन गोष्टी आधी हव्यात. बनावट खेळाडूला मिळालेली प्रत्येक जागा पहाटे मैदानावर घाम गाळणाऱ्या कोणाची तरी हिरावलेली असते. त्या मुलाला मात्र आपली जागा कोणी घेतली, हे बहुधा कधीच कळत नाही.