सरत्या थंडीचा हिशेब

संक्रांत उलटली की दिवस तिळातिळाने मोठा होऊ लागतो आणि शहरातील सुखवस्तू माणूस थंडीला निरोप देण्याची भाषा बोलू लागतो. दुपारचे ऊन चटके देते, म्हणून त्याचा स्वेटर ट्रंकेत जातो. परंतु 'होळी जळाली, थंडी पळाली' ही म्हण ज्यांच्या तोंडी प्रथम आली, ती माणसे शेतात राबणारी असली पाहिजेत. थंडी संक्रांतीला नव्हे, तर होळीलाच जाते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. या दोन सणांमधील सहा-आठ आठवडे मोठे फसवे असतात. दुपार उन्हाळ्याची आणि पहाट हिवाळ्याची, अशी त्यांची रीत. जालना, बदनापूर, भोकरदन या भागांतील उघड्या रानात पहाटेचा वारा तेव्हा हाडांपर्यंत पोहोचतो. हा सरता हिवाळा कोण सोसतो, आणि त्याची किंमत कोणत्या वहीत लिहिली जाते, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

विषय सुचला तो वर्गात. फेब्रुवारीतील एका सकाळी पहिल्याच तासाला मी 'संधी-परिव्यय' ही संकल्पना शिकवीत होतो. मागच्या बाकावरील एक विद्यार्थी डोके टेकून झोपला होता. मी त्याला उठवून चार कठोर शब्द ऐकविले. तो शांतपणे म्हणाला, "सर, या आठवड्यात आमची लाइट रात्रीची आहे. गव्हाला पाणी देऊन पहाटे साडेपाचला घरी आलो." वर्ग हसला, मीही क्षणभर हसलो. मग ध्यानात आले की, जी संकल्पना मी फळ्यावर लिहीत होतो तिचे जिवंत उदाहरण माझ्यासमोर उभे होते. त्या रात्रीची किंमत म्हणून या मुलाने झोप दिली होती आणि माझा तासही दिला होता. यांपैकी एकाचीही नोंद कोठे होणार नव्हती.

या रात्रीचे कारण समजून घ्यावयाचे तर गव्हाचे वेळापत्रक पाहावे लागते. नोव्हेंबरच्या मध्यास पेरलेल्या गव्हाला साधारणतः विसाव्या दिवशी पहिले पाणी लागते. पुढे फुटवे येताना, कांडी धरताना आणि फुलोऱ्यात ते द्यावे लागते. ऐंशी ते पंच्याऐंशी दिवसांनी दाण्यात चीक भरतो, तेव्हाचे पाणी चुकले तर दाणा पोचट राहतो. ही अवस्था येते नेमकी फेब्रुवारीत. शिवाय या काळात थंडी टिकणे हे पिकाच्या हिताचे असते. ती लवकर गेली तर दाणा भरण्याआधीच पीक पिकून जाते. १९०१ पासूनच्या नोंदींत २०२२ चा मार्च हा देशातील सर्वांत उष्ण मार्च ठरला. उत्तर भारतात गव्हाचे उत्पादन घटले आणि १३ मे २०२२ रोजी केंद्र सरकारने गव्हाच्या निर्यातीवर बंदी घातली. शेतकरी म्हणूनच एका चमत्कारिक पेचात सापडलेला असतो. पिकासाठी त्याला थंडी हवी असते, शरीरासाठी नको असते. पिकाला मिळणारा थंडीचा लाभ धान्याच्या रूपाने बाजारात येतो आणि आपणा सर्वांच्या ताटात पोहोचतो. शरीराला होणारा तोटा मात्र त्या एका घरातच राहतो.

हा तोटा काय असतो, हे ज्याने रात्री दारे धरली आहेत त्यालाच विचारावे. एक वाफा भरला की दार मोडून पाणी दुसऱ्याकडे वळवावयाचे. त्यासाठी अनवाणी पायांनी चिखलात उतरावयाचे, एका हातात फावडे आणि दुसऱ्या हातात विजेरी. धुऱ्यावर पेटविलेल्या शेकोटीपर्यंत जाऊन हात शेकेपर्यंत पलीकडचा वाफा फुटलेला असतो. पाय बधिर होतात, टाचांना भेगा पडतात. मध्येच वीज गेली तर ओल्या हातांनी पुन्हा स्टार्टरपाशी जावे लागते. मदतीला अनेकदा घरातील स्त्री असते आणि सकाळी भाकऱ्या थापावयास तीच असते.

आता प्रश्न असा की, हे काम रात्रीच का? कृषिपंपांना दिवसा सुमारे आठ तास किंवा रात्री आठ ते दहा तास, अशी आळीपाळीने वीज देण्याची पद्धत महाराष्ट्रात वर्षानुवर्षे चालत आली. तिच्यामागील तर्क अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला अपरिचित नाही. वीज साठविणे महाग, औष्णिक केंद्र रात्रीपुरते बंद ठेवणे अवघड, आणि दिवसा शहरांची व कारखान्यांची मागणी मोठी. तेव्हा जी मागणी रात्रीकडे ढकलता येईल ती ढकलावी, हे व्यवस्थेच्या दृष्टीने शहाणपणाचेच होते. परंतु ही ढकलाढकल कोणत्या मार्गाने केली गेली, ते पाहण्यासारखे आहे. जालना शहरात पोलादाच्या भट्ट्या आहेत आणि त्या विजेवर चालतात. अशा कारखान्यांनी रात्री वीज वापरावी म्हणून वीजदरात अनेक वर्षे रात्रीच्या तासांसाठी सवलत दिली जात असे. कारखान्याला रात्रीकडे वळविण्यासाठी किंमत मोजली गेली. शेतकऱ्याला वळविण्यासाठी फक्त वेळापत्रक चिकटविले गेले. एकाला निवड होती, दुसऱ्याला नव्हती.

यावर कोणी म्हणेल की, शेतीची वीज मुळातच सवलतीची आहे. इतकेच नव्हे, तर २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना राज्य सरकारने ती मोफत केली आहे. आक्षेप योग्य आहे आणि तो टाळून चालणार नाही. परंतु मोफत वस्तूचीही एक किंमत असते आणि ती पैशांतच द्यावी लागते असे नाही. शिधावाटप दुकानापुढे जो रांगेत उभा राहतो, तो स्वस्त धान्याची उरलेली किंमत आपल्या वेळाने फेडीत असतो. रात्रीच्या मोफत विजेची किंमत शेतकरी झोपेने आणि शरीराने फेडतो. प्रस्तुत लेखकाच्या परिचयाचे कितीतरी शेतकरी असे आहेत की, विजेचे माफक बिल घ्या, पण ती दिवसा द्या, असे ते विनासंकोच सांगतात. या सौद्याचा विचार करण्याऐवजी बिल माफ करणे राजकारणाला नेहमीच सोपे वाटत आले आहे.

दुसरा आक्षेप परंपरेचा. शेतकऱ्याला थंडीची सवय असते, त्याचे आजोबाही पहाटे मोट जुंपीत असत, असे सांगितले जाते. मोट पहाटे जुंपली जाई हे खरे. पण ती केव्हा जुंपावयाची हे मोट हाकणारा ठरवी. सवयीचे कष्ट आणि लादलेले कष्ट यांत जो भेद आहे तो येथे आहे. शिवाय 'सवय आहे' हे वाक्य नेहमी गोधडीत बसलेला माणूस बाहेर उभ्या असलेल्या माणसाविषयी उच्चारतो, हेही विसरता कामा नये.

या कष्टांचे मोल शासकीय गणितात कसे होते? कृषी उत्पादनखर्च व मूल्य आयोग खर्च काढताना कुटुंबाच्या श्रमाचे मूल्य धरतो आणि ते प्रचलित मजुरीच्या दराने धरतो. हे तत्त्व चांगलेच आहे. पण उबदार दुपारचा तास आणि माघातील मध्यरात्रीनंतरचा तास त्यात एकाच भावाने मोजला जातो. अनेक कारखान्यांत रात्रपाळीला निराळा भत्ता असतो. शेतातील रात्रपाळीला तो देणारा कोणी मालकच नाही. हवामान विभागाच्या व्याख्येनुसार सपाट प्रदेशात किमान तापमान दहा अंश किंवा त्याखाली जाऊन सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी उतरले, अथवा ते चार अंशांपर्यंत घसरले, तर थंडीची लाट ठरते. ही व्याख्या हवामानशास्त्राला पुरेशी आहे. मात्र ओल्या चिखलात उभ्या असलेल्या माणसाला अकरा अंशही लाटेसारखेच लागतात. उन्हाळ्यातील पाण्यासाठी आपल्या प्रत्येक जिल्ह्यात टंचाई आराखडा होतो. सरत्या हिवाळ्यासाठी आराखडा तर सोडाच, साधी मोजदादही नाही.

आणि ज्याने एवढे सोसून पीक वाढविले त्याच्यावर शेवटचा घाव याच दिवसांत पडू शकतो. जमीन तापू लागलेली, वरच्या थरांतील हवा अद्याप गार, अशा वेळी दमट वारे आले की ढग उंच चढतात आणि गारा कोसळतात. आपल्याकडे बर्फ पडतो तो असा, आणि नेमका गहू ओंबीवर, हरभरा सोंगणीला आणि ज्वारी कणसावर असताना. २०१४ साली फेब्रुवारीअखेर व मार्चमध्ये मराठवाड्याने हे पाहिले. ११ फेब्रुवारी २०१८ रोजी जालना व बीड जिल्ह्यांनी ते पुन्हा पाहिले. कडवंचीसारख्या गावाने पाणलोटाची कामे करून, थेंब थेंब अडवून द्राक्षबागा उभ्या केल्या. तेथील माणसाला फेब्रुवारीतील ढग पाहून काय वाटत असेल, याची कल्पना करावी. आपत्तीच्या मदतीसाठी किमान ३३ टक्के नुकसानीची अट आहे. २०१५ पूर्वी ती ५० टक्के होती. सुधारणा झाली हे मान्य करावे. तथापि पंचनाम्यात पीक मोजले जाते. त्या पिकासाठी जागविलेल्या रात्री मोजल्या जात नाहीत.

जमीन असलेल्यांची ही स्थिती, तर जमीन नसलेल्यांची काय सांगावी? मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड या तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघालेली जोडपी या दिवसांत कोणत्यातरी कारखान्याच्या परिसरात, उसाच्या पाचटाच्या कोपीत राहत असतात. दवाने भिजलेल्या फडात पहाटेच शिरावे लागते. गाडी कोणत्याही वेळी येते, मग मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून चढावयाचे. लेकरू पाचटावर गोधडीत गुंडाळून ठेवलेले. हंगामाच्या प्रारंभी घेतलेली उचल फिटत आलेली असते किंवा फिटलेली नसते, आणि जो थंडीतापाने दोन दिवस झोपला त्याचे दोन दिवस उचलीत वाढतात. थंडीची किंमत रोख वसूल होते ती येथे. त्यांच्यासाठी दिवंगत नेत्याच्या नावाने महामंडळ स्थापन झाले आहे. त्याने निदान हंगामाच्या उत्तरार्धात कोपीवर ताडपत्री, अंगावर घोंगडी आणि आठवड्यातून एकदा डॉक्टर एवढे तरी पोहोचवावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.

उपाय नाहीत असे नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली आली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू झाला. उपकेंद्रांच्या आसपास सौर प्रकल्प उभारून कृषिवाहिन्यांना दिवसा वीज द्यावी, हा तिचा हेतू आहे आणि अनेक ठिकाणी तो सफलही होत आहे. सौर विजेच्या वाढीबरोबर स्वस्त विजेची वेळच रात्रीकडून दुपारकडे सरकू लागली आहे. म्हणजे शेतकऱ्याला रात्री जागविण्याचे जे एकमेव समर्थनीय कारण होते, तेही आता विरत चालले आहे. मग माझ्या विद्यार्थ्याचे गाव अजून का थांबले आहे? सर्व वाहिन्या एकाच वर्षी होणार नाहीत, हे समजते. पण तोवर प्राधान्य ठरविता येते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत, जेथे गहू-हरभऱ्याचे क्षेत्र अधिक तेथे, दिवसाची पाळी आधी द्यावी. ज्या वाहिनीला रात्रपाळी अटळ असेल तिचे वेळापत्रक निदान ठरलेले असावे आणि पाळले जावे. पंप वर्षभर चालतो. थंडीत तो रात्री चालवावा लागू नये, एवढीच ही मागणी आहे. यास नवा निधी लागत नाही, नवा कायदाही लागत नाही. लागते ती कोणाच्या अंगावर काय पडते हे विचारण्याची तयारी.

या तयारीत आम्ही प्राध्यापक मंडळीही कमी पडलो आहोत. त्या दिवसापासून मी पहिल्या तासाला झोपणाऱ्या मुलाला उठविण्यापूर्वी एक प्रश्न विचारतो, "या आठवड्यात लाइट केव्हाची?" उत्तर 'रात्रीची' असे आले तर त्याला झोपू देतो आणि तो धडा त्याला दुपारी पुन्हा शिकवितो. यामुळे वीज दिवसा येणार नाही, हे मला कळते. परंतु ज्यांच्या हाती वेळापत्रके आहेत त्यांनीही, होळी येण्याची वाट न पाहता, हा प्रश्न एकदा विचारून पाहावा.