फावल्या वेळची खटपट : स्पीडबोटीची मोटर आणि तिच्या अंगावरचं पाणी



थंडी सरली की गॅरेजमधली खोकी खाली उतरतात आणि मॉडेल बोटवाल्यांचे दोन प्रश्न हमखास येतात. एक, "किती केव्हीची मोटर घेऊ?" आणि दोन, "वॉटर कूलिंग लावलं की झालं ना?" पहिला प्रश्न अर्धवट आहे. दुसरा जरा धोक्याचा आहे, कारण त्याच्या भरवशावर लोक वाटेल तो पंखा लावतात आणि मग तळ्याच्या मधोमध धूर दिसतो. म्हणून यावेळी फक्त हेच.

बोलायला सोपं जावं म्हणून एक बोट डोळ्यापुढे धरू. फायबरग्लासचा डीप-व्ही हल, लांबी ६०-७० सेंमी, बॅटरीसकट वजन दोनेक किलो. यात बहुतेक जण ३६६० मापाची ब्रशलेस मोटर घालतात, म्हणजे ३६ मिमी व्यास आणि ६० मिमी लांबी. रेडिओवर चालणारी बोट ही काही कालची टूम नाही. निकोला टेस्लानं १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये लोकांना ती पाण्यात चालवून दाखवली होती, आणि तीही बॅटरीवर. पण तिला काही तासाला पन्नास किलोमीटर पळायचं नव्हतं. आपल्याला पळायचंय, आणि सगळी भानगड तिथूनच सुरू होते.

आधी केव्ही. केव्ही म्हणजे एका व्होल्टला मोटर लोडशिवाय मिनिटाला किती फेरे घेईल तो आकडा. २००० केव्हीची मोटर ३एस लायपोवर (११.१ व्होल्ट) सुमारे २२,२०० फेरे घेते, आणि ४एसवर (१४.८ व्होल्ट) २९,६००. बस्स, एवढाच त्याचा अर्थ. केव्ही जास्त म्हणजे मोटर दांडगी, हा गैरसमज दुकानांच्या जाहिरातींनी करून दिलाय. उलट, केव्ही दुप्पट केलं की एका अँपिअरमागे मिळणारा टॉर्क निम्मा होतो. मोटरची खरी ताकद तिच्या आकारात आणि वजनात असते, म्हणजे तांबं किती, लोखंड किती आणि उष्णता बाहेर टाकायला अंग किती. या मापाच्या बोटीला साधारण २५ ते ३० हजार फेऱ्यांचा हिशोब धरावा, आधी बॅटरी ठरवावी, आणि मग भागाकार करून केव्ही काढावं.

आता पंखा. मोटर किती अँपिअर खाणार हे मोटर ठरवत नाही, पंखा ठरवतो. मोटर बिचारी सांगाल तेवढं ओढते, जळेपर्यंत. पंख्याला लागणारी पॉवर फेऱ्यांच्या घनाच्या आणि व्यासाच्या पाचव्या घाताच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ४० मिमीचा पंखा काढून त्याच आकाराचा ४५ मिमीचा लावला, तर फेरे तेच राहिले असं धरून पॉवर १.८ पट. पाच मिलीमीटरला ऐंशी टक्के! प्रत्यक्षात फेरे थोडे पडतात आणि पंखा अर्धा पाण्याबाहेर असतो, त्यामुळे आकडा काहीसा खाली येतो, पण रोख तोच. तसंच, तोच पंखा ठेवून ३एसवरून ४एसवर गेलात तर फेरे १.३३ पट, पॉवर २.३७ पट आणि करंट १.७८ पट.

गंमत बघा, गावाकडे विहिरीवरच्या पंपाची मोटर जळते ती व्होल्टेज कमी आल्यामुळे. रात्री लाईट मंद झाली की ती जास्त करंट ओढायला लागते, आणि सकाळी रिवाइंडिंगवाल्याकडे जावं लागतं. आपल्या बोटीचं बरोबर उलटं. इथे व्होल्टेज वाढवलं की करंट वाढतो. त्यामुळे घरच्या पंपाचा अनुभव इथे लावू नका. (सबमर्सिबल पंपाची एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या. तो पाण्यात बुडालेला असतो आणि अंगावरून वाहणाऱ्या पाण्यानंच थंड राहतो. पाणी उतरलं की संपला.)

करंट वाढला की काय होतं हे सेकंड इयरला शिकलेल्या आय-स्क्वेअर-आरमध्ये आहे. समजा वाइंडिंगचा रेझिस्टन्स ०.०१५ ओहम आहे. ४० अँपिअरला तांब्यात २४ वॉट उष्णता तयार होते, ८० अँपिअरला ९६ वॉट. आता त्याच मोटरमध्ये ५० ग्रॅम तांबं आहे असं धरा. तांब्याची विशिष्ट उष्णता ग्रॅममागे ०.३८५ ज्यूल. म्हणजे उष्णता बाहेर गेलीच नाही तर २४ वॉटला तांबं सेकंदाला सव्वा अंशानं तापतं, ९६ वॉटला पाच अंशांनी, आणि पंख्यात शेवाळ अडकून १५० अँपिअर गेले तर सेकंदाला सतरा अंशांनी. वर तांबं तापलं की त्याचा रेझिस्टन्सही वाढतो. २५ अंशांवरून १०० अंशांवर गेलं की जवळजवळ तीस टक्के जास्त. म्हणजे आगीत तेल.

उष्णता अर्थातच बाहेर जाते, पण तिला वेळ लागतो. तांब्यावरचं व्हार्निश, मग लोखंडी पत्र्यांचा स्टेटर, मग बाहेरची डबी, आणि मग कुठे पाणी. वॉटर जॅकेट डबी थंड ठेवतं. आतलं तांबं तेव्हा डबीपेक्षा किती तरी गरम असू शकतं. बर्फाची लादी बाहेर ठेवून आतला कुकर शिट्टी देतोय, तसा प्रकार. म्हणून चुकीच्या पंख्याला कूलिंग हे औषध नाही. बरोबर पंखा लावलेली मोटर दोन मिनिटांऐवजी सहा मिनिटं पळावी, यासाठी ते असतं.

आणि त्यासाठीही मोटरची जात बघावी लागते, कारण उष्णता कुठे तयार होते यावर पाण्याचा उपयोग ठरतो. इनरनर ब्रशलेसमध्ये वाइंडिंग बाहेरच्या डबीला चिकटून असतं आणि मॅग्नेट आत फिरतात. जॅकेटला याहून सोयीची रचना नाही. आउटरनरमध्ये बाहेरची डबीच फिरते, तिच्यावर जॅकेट बसणार कसं? फार तर मागचा माउंट पाण्यानं थंड करता येतो. विमानाला ठीक आहे, तिथे वारा मिळतो. बंद हलमध्ये टेपनं झाकण चिकटवल्यावर वारा कुठून येणार? आणि लहान मुलांच्या बोटीत येणारी ५४० मापाची ब्रशवाली मोटर, तिचं वाइंडिंग मधे फिरत असतं, तेव्हा जॅकेटनं प्रामुख्यानं बाहेरचे मॅग्नेट थंड होतात. काहीच नसण्यापेक्षा बरं, इतकंच. थोडक्या पैशात पोराला बोट द्यायची असेल तर ब्रशवाली मोटर जरूर घ्या, पण पंखा छोटा ठेवा. वेगवान बोट हवी असेल तर चार पोलची इनरनर, दुसरा विचार करू नका.

इनरनरमध्येही मॅग्नेटवाला रोटर आत एकटा पडतो. त्याची उष्णता बेअरिंगमधून आणि हवेच्या फटीतून हळूहळू निघते. साध्या प्रतीचे निओडिमियम मॅग्नेट ८० अंशांच्या पुढे कायमचे कमजोर होऊ लागतात. महागडे १५० किंवा १८० अंशांपर्यंत टिकतात, आणि मोटरच्या किमतीतला फरक बराचसा याचाच असतो. मॅग्नेट उतरले की केव्ही वाढतं, करंट वाढतो, आणि "मोटर पूर्वीसारखी ओढत नाही, पण गरम जास्त होते" असं लक्षण दिसतं. अशा मोटरला दुरुस्ती नाही.

बॅटरीचे सेल वाढवावेत का, हाही नेहमीचा वाद. ६०० वॉटला ११.१ व्होल्टवर ५४ अँपिअर लागतात, २२.२ व्होल्टवर २७. तारा, कनेक्टर आणि ईएससी यांना याचा मोठा फायदा होतो. मोटरला मात्र लोक समजतात तसा होत नाही. निम्म्या केव्हीच्या मोटरमध्ये वेढे दुप्पट आणि तार बारीक असते, रेझिस्टन्स चौपट होतो, आणि निम्म्या करंटला उष्णता तेवढीच भरते. तरीही मी जास्त व्होल्टेज आणि कमी केव्ही याच बाजूचा, कारण अनुभव असा की मोटरच्या आधी ईएससीच जातो.

आता पाण्याचा हिशोब, जो फार कमी लोक करतात. मोटरला ६६० वॉट दिले आणि त्यातले १३० उष्णतेत गेले असं धरू. मिनिटाला अर्धा लिटर पाणी जॅकेटमधून गेलं तर ते चार अंशांनीही तापत नाही. म्हणजे पाणी कमी पडत नाही! जाड नळ्या आणि मोठा पिकअप लावून फक्त बोटीला अडथळा वाढतो. कमी पडतं ते दाब नसतो तेव्हा. तळाच्या पिकअपमध्ये पाणी शिरतं ते बोटीच्या वेगानं, आणि दाब वेगाच्या वर्गावर अवलंबून. ताशी ३६ किमीला, म्हणजे सेकंदाला १० मीटरला, तो दाब पाणी पाच मीटर वर चढवू शकेल इतका असतो. सेकंदाला एक मीटरला फक्त पाच सेंमी. बाहेर पडायचं भोक त्याहून उंच असेल तर पाणी वाहणारच नाही.

म्हणून सगळ्यात वाईट अवस्था कुठली, तर पंख्यात गवत अडकलंय, बोट जेमतेम सरकतेय, आणि काठावरून आपण ट्रिगर पूर्ण दाबून धरलाय. करंट सर्वांत जास्त, पाणी शून्य. बोट अचानक मंदावली की ट्रिगर सोडायचा. आधी सोडायचा, मग विचार करायचा. ज्यांच्या तळ्यात शेवाळ जास्त आहे त्यांनी पिकअप पंख्याच्या मागे, रडरमध्ये घ्यावा. तिथे पंखाच पाणी ढकलतो, त्यामुळे कमी वेगातही थोडं मिळतं. बाहेरची धार काठावरून दिसेल अशा बाजूला ठेवा. धार बंद झाली की बोट परत आणा.

बसवताना जॅकेटचं आत येणारं तोंड खाली आणि बाहेर जाणारं वर ठेवा, नाहीतर वर हवेचा बुडबुडा अडकून बसतो. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा. पाणी आधी ईएससीला आणि मग मोटरला द्या, किंवा दोघांच्या वाटा वेगळ्या करा. बॅटरीच्या तारा आखूड ठेवा, लांब तारांनी ईएससीचे कपॅसिटर मरतात. आणि पाण्यात सोडण्याआधी नळीत तोंडानं फुंकून बघा. शास्त्रीय वाटत नाही, पण अडकलेली माती याच्यानंच कळते :-)

आखातातल्या मंडळींसाठी दोन वेगळ्या गोष्टी. इथे न्यू जर्सीत मे महिन्यात तळ्याचं पाणी चांगलं गार असतं. तुमच्याकडे उन्हाळ्यात समुद्राचं पाणीच ३३-३४ अंशांवर जातं. जेवढा हा फरक, तेवढीच मोटर जास्त गरम राहणार, तेव्हा इथला पंखा तिकडे एक माप लहान धरा. आणि खाऱ्या पाण्यातून आल्याबरोबर सिरिंजनं गोडं पाणी नळीतून सोडा, बेअरिंगला तेल द्या. ॲल्युमिनियमच्या जॅकेटला मीठ आतून खातं.

बाकी अंदाजापेक्षा मोजणं बरं. बॅटरी आणि ईएससीच्या मधे सर्वाधिक करंट लक्षात ठेवणारा छोटा वॉटमीटर लावा. टेबलावर मोटर फिरवून काही कळत नाही, लोड पाण्यातच येतो. (आणि टेबलावर फिरवायचीच असेल तर पंखा काढून. बोटं जातात.) लहान पंख्यानं सुरुवात करा, तीस सेकंद पळवा, परत आणा, मोटर, ईएससी, बॅटरी आणि कनेक्टर सगळ्यांना हात लावा. बोट टेकवून ठेवता येत नाही म्हणजे साठच्या आसपास किंवा वर, थांबा. इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत धातूवर कमी दाखवून फसवतो, म्हणून डबीवर काळ्या टेपचा तुकडा चिकटवा आणि त्यावर नेम धरा. आकडे ठीक असतील तर वेळ वाढवा, मग पंख्याचं माप. एका वेळी एकच गोष्ट बदला.

लायपोबद्दल मात्र मी कडक आहे. फुगलेली बॅटरी पुन्हा बोटीत जाणार नाही, ती विझवून रीसायकलिंगला. हल टेपनं बंद असतो, आत पेटली तर बाहेरून कळेपर्यंत उशीर झालेला असतो. चार्जिंग फरशीवर, समोर बसून, आणि गरम बॅटरी लगेच चार्जरला नाही. ईएससीचं लो-व्होल्टेज कटऑफ चालू ठेवा.

आणि बोट मधेच बंद पडली तर ती आणायला पोहत जायचं नाही. वसंतातलं पाणी वरून ऊबदार वाटलं तरी आत हातपाय गारठवणारं असतं. गळाच्या दोऱ्याला टेनिस बॉल बांधून बोटीच्या पलीकडे फेकायचा आणि हळूहळू ओढायचं. मुलं बरोबर असतील तर हे त्यांना घरून निघतानाच सांगून ठेवा, आणि गळ गाडीत बोटीच्या आधी ठेवा.