कार्ड कुणाला द्यायचे?

सभासद कार्ड सातबारा पाहूनच द्यावे, अशी सूचना काही तालुक्यांतून आली आहे. तिच्यावर हात वर करण्याआधी मुंबईच्या सिनेमा कामगारांची हकीकत ऐका.

लाइटमन, सुतार, शिंपी, रंगभूषाकार यांचे दुखणे शेतमजुराचेच. काम हंगामी, मालक दर चित्रपटाला नवा. चित्रपट डब्यात गेला की मजुरीही डब्यात! सोलापूरच्या गिरणी कामगाराला निदान गिरणीचे फाटक तरी होते, तिथे बसता येत होते. शूटिंग संपले की सेटच मोडतो. बसणार कुणाच्या दारात? म्हणून एकेका कसबाची संघटना झाली आणि 1956 साली त्यांचा महासंघ झाला, फेडरेशन ऑफ वेस्टर्न इंडिया सिने एम्प्लॉईज. हत्यार एकच, कार्ड. बिनकार्डाचा माणूस सेटवर दिसला की काम बंद.

1981 साली केंद्राने कायदा केला, निर्मात्याने कामगाराशी लेखी करार केलाच पाहिजे म्हणून. कागद कागदाच्या जागी राहिला. 1 ऑक्टोबर 2008 ला लाखावर कामगारांनी थकलेल्या मजुरीसाठी आणि कामाच्या तासांसाठी संप केला, बडे नटही थांबले, तेव्हा तीन दिवसांत समझोता झाला. ही कार्डाची ताकद.

पण तणनाशकाची मात्रा चुकली की पीकही जळते. रंगभूषाकारांची संघटना बाईला केशभूषेचे कार्ड देई, रंगभूषेचे नाही. ती कितीही शिकलेली असो. दोघांनाही काम मिळावे म्हणून ही वाटणी, असे समर्थन होते. शिवाय महाराष्ट्रात पाच वर्षे वास्तव्याची अट. 10 नोव्हेंबर 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही अटी मोडल्या. दुसऱ्या अटीला आपल्यातले काहीजण टाळ्या वाजवतील. त्यांनी सोलापूरचे माग आठवावेत. तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर वगळले तर चादर विणली कुणी?

मालकाविरुद्ध घडवलेले हत्यार त्या संघटनेने आपल्याच कसबाच्या बाईवर चालवले, आणि ते काढून घ्यायला कोर्टाला यावे लागले.

आता आपल्या जिल्ह्यात या. कांद्याची लागण, खुरपणी, काढणी बाया करतात. बहुतेक घरांत सातबारा दादल्याच्या नाहीतर सासऱ्याच्या नावावर. भाव पडला तर उपाशी दोघेही, आणि कार्ड मात्र एकालाच? सूचना मंजुरीला आली की आम्ही विरोधात मत देणार आहोत. ज्यांना ती हवी आहे त्यांनी बैठकीला घरची बाई सोबत आणावी आणि तिच्यासमोर मांडावी.